डाव्या बाजूचे जेवण

बारामतीतील एका नव्या, चिमुकल्या बशांच्या उपाहारगृहातून आम्ही परवा उपाशी परतलो. 'मातीचे स्मरण' म्हणून नखाएवढ्या भाकरीवर ठेच्याचा ठिपका आला. उजनीची चिलापी लाकडी होडीत, दोन घासांपुरती. हाच मासा इंदापूर तालुक्यात, भिगवणला ताटभर मिळतो, तोही निरूपणाविना.

अलंकाराचे आम्हांला वावडे नाही. मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीचेच. त्यांच्या यमकांच्या हव्यासावर टीकाकार तुटून पडले खरे. पण त्यांनी आर्यांत अख्खे महाभारत वाढले!

अल्प वाढण्यालाही आमची हरकत नाही. चटणी-कोशिंबीर आपल्याकडे पानाच्या डाव्या बाजूला चिमूटभरच असते, कारण मध्ये भात असतो. येथे नुसती डावी बाजू वाढून पूर्ण पानाचे पैसे घेतात, आणि याला प्रयोग म्हणतात.