विळीचे पाणी

आमचा धाकटा यंदा नवरात्रात ओसाकाहून आला तो माझ्यासाठी एक सुरी घेऊन. ओसाकाजवळ साकाई नावाचे शहर आहे, तिथली ही सुरी. तिथे पाते घडवणारा एक, धार काढणारा दुसरा आणि मूठ बसवणारा तिसरा. १८७६ साली जपानी सरकारने कमरेला तलवार लावून हिंडायला बंदी केली, तेव्हा तलवारी घडवणारे कितीतरी कारागीर स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांकडे वळले. सासूबाईंनी हे सारे ऐकून घेतले, सुरी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "पण ही पायाखाली धरायची कशी?"

त्यांची विळी त्यांच्या लग्नातली. सुरीच्या तोडीची धार करून आणतो म्हणून ह्यांनी ती विजेच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे नेली. परत आली ती कडेला मोरपिशी निळी झाक घेऊन. ह्यांना ती फार शोभिवंत वाटली! तिसऱ्याच दिवशी विळीखाली पालक चिरण्याऐवजी चेंगरू लागला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी सासूबाई आहेत त्यांना सांगायला नको.

कोजागिरीनंतर आम्ही ताम्हिणीला विंझाईच्या दर्शनाला निघालो. वाटेत कोणी लोहार भेटला तर पाहू, म्हणून ह्यांनी विळी गुपचूप गाडीत टाकली होती. भातकापणीचे दिवस. ताम्हिणीला रस्त्याकडेला एका घिसाडी कुटुंबाने पाल ठोकले होते. म्हातारी भट्टीचा पंखा फिरवत होती. घरधनी सांडशीत विळा धरून हातोडीने जागा दाखवी आणि त्याची बायको नेमकी त्या जागी घण घाली. मी तर पाहतच राहिले. चुकायची सोय नाही, खाली नवऱ्याचा हात!

त्याने आमच्या पात्यावर कानस फिरवली. कडक पोलादावरून कानस निसटते. इथे ती चरचर धरू लागली.

"ताई, हिचं पाणी गेलं."

लाल केलेले पोलाद पाण्यात बुडवले की कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवायचे. घासलेल्या पात्यावर मग रंग चढतात: आधी गव्हाळ, मग जांभळा, मग निळा. विळीसाठी गव्हाळावर थांबायचे. निळे पोलाद स्प्रिंगला चांगले, धारेला नाही. गव्हाळ रंग सुमारे २३० अंशांना येतो, निळा ३०० च्या आसपास. एवढ्या ७० अंशांत सासूबाईंची विळी गेली होती.

धाकट्याने पेरू कापायला काढलेली सुरी त्याने मागून घेतली आणि पात्यावरच्या अस्पष्ट रेघेवर नख फिरवले. "पाठ लोखंडाची, तोंड पोलादाचं. तुमच्या विळीचंबी तसंच हाये की." सबंध पाते कडक पोलादाचे केले तर ते पिचते, म्हणून मऊ लोखंडाच्या कडेला पोलाद तापवून, ठोकून एकजीव करायचे. आता एवढा खटाटोप कोण करतो? मोटारीच्या कमानीचा तुकडा घ्यायचा आणि त्याचाच कोयता करायचा, असे तो म्हणाला.

पाणी द्यायला मात्र तो दिवस कलेपर्यंत थांबला. उन्हात तापल्या लोखंडाचा रंग कळत नाही. जपानातही त्या वेळी भट्टीची जागा अंधारी ठेवतात, असे धाकटा म्हणाला. ह्यांचा जीव मुळशी धरणाकाठच्या वळणांत अडकलेला. दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होते. अखेर पाते पिकल्या चेरीसारखे लाल झाले, पाण्यात चर्र करून शिरले. मग ते घासून पुन्हा निखाऱ्यावर धरले, कडेवर गव्हाळ छटा उमटली आणि त्याने ते झटकन ओढले. पैसे सांगितले ते इतके थोडे, की ह्यांनी घासाघीस करायला उघडलेले तोंड तसेच मिटले.

दुसऱ्या दिवशी भेंडी चिरताना माझे बोट कापले. हळद दाबून धरत सासूबाई आत वळून ह्यांना म्हणाल्या, "अरे, चहा घेणार का?"