माशांचा शेजार पाहून निवडा

परीक्षा संपून उन्हाळी सुटी लागली की घरोघरी मुलांचे हट्ट सुरू होतात. त्यातला एक हट्ट असतो काचेच्या टाकीतील माशांचा. आमच्या संगमनेरात दोन खोल्यांच्या घरातही टीव्हीशेजारी अशी छोटी टाकी दिसते. या हौसेला आमचा विरोध नाही. एरवी एका जागी न बसणारे मूल टाकीपुढे तासभर बसून निरीक्षण करते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पुष्कळ घरांत पुढे काय होते? महिनाभरात निम्मे मासे मरतात. मूल रडते. वडील पदरमोड करून नवे मासे आणतात, तेही टिकत नाहीत. शेवटी रिकामी टाकी माळ्यावर जाते आणि घरातले म्हणतात, "आपल्याला मासे लाभत नाहीत." लाभण्या-न लाभण्याचा येथे काही संबंध नाही. ज्यांचे एकमेकांशी जमत नाही असे मासे आपण एका पेटीत कोंडलेले असतात, हे बऱ्याचदा खरे कारण असते.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. तेथे टाक्यांची रांगच्या रांग होती. सगळे मासे एकाच मोठ्या हौदात का सोडले नव्हते? कारण कोणाला खारे पाणी लागते, कोणाला गोडे. कोणी कळपाने राहतो, तर कोणी शेजाऱ्यालाच गिळतो. आपल्या घरात टाकी एकच असते. म्हणून निवड आपण दुकानातच करायची.

आम्ही पडलो कारकून. जमाखर्चाशिवाय आम्हाला सुचत नाही. तेव्हा आधी जागेचा हिशेब करू. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरल्यास सुमारे ५६ लिटर पाणी मावते. खाली खडी आणि वर थोडी मोकळी जागा सोडली की ४५ लिटरच्या आसपास उरते. एवढ्यात बोटाएवढे दहा-बारा मासे सुखाने राहतात. त्यात वीज गेली की हवेचा पंप बंद पडतो. टाकीत गर्दी असेल तर अशा वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. म्हणून जागा दिसते तेवढी भरायची नाही.

आता दुकानात विचारायचा पहिला प्रश्न : हा मासा मोठेपणी केवढा होतो? दुकानातले मासे बहुधा पिल्लेच असतात. गोल्डफिश दोन इंचांचा दिसतो, पण वाढून सहा-आठ इंचांचा होतो, घाणही पुष्कळ करतो. काचेच्या गोल भांड्यात त्याला ठेवणे म्हणजे त्याला गुदमरवणेच आहे. ऑस्कर तर फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा खातो. त्यांना छोट्या टाकीत घेऊच नये.

दुसरा प्रश्न स्वभावाचा. टायगर बार्ब दिसायला देखणा, पण दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो. गप्पीची झुपकेदार शेपटी त्याच्यापुढे टिकत नाही. फायटरचे दोन नर एकत्र ठेवले की एक मरेपर्यंत भांडतात. गप्पीच्या रंगीत शेपटीवरही तो कधी कधी धावून जातो. एंजल लहानपणी शांत असतो, मोठा झाल्यावर लहान मासे गिळतो. उलट झेब्रा मासा एकटा ठेवला तर बुजतो. त्याला सहा जणांचा तरी कळप लागतो. हा झेब्रा आपल्याच उपखंडातील, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधक त्याच्यावर अभ्यास करतात, हे मुलांना अवश्य सांगावे.

तिसरा प्रश्न पाण्याचा. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा जड असते. हंड्यावर पांढरा थर धरतो तेच हे पाणी. निऑन टेट्रासारख्या माशाला हलके पाणी मानवते. गप्पी, प्लॅटी, मॉली यांना मात्र जड पाणी चांगले चालते. नळाचे पाणी असेल तर त्यातील क्लोरीन उडून जाण्यासाठी ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे. थंडीतल्या गारठ्याचाही विचार करावा. एंजल व फायटरला ऊब लागते, झेब्रा गारवा बराच सोसतो.

या तिन्ही प्रश्नांना उतरणाऱ्या दोन जोडण्या आम्ही सुचवतो. एक : सहा गप्पी आणि चार प्लॅटी. दोन : सहा झेब्रा आणि चार प्लॅटी. जागा अगदीच कमी असेल तर दहा-पंधरा लिटरच्या भांड्यात एकटा फायटर ठेवावा, थंडीत त्याला उबेची जागा द्यावी. सारे मासे एकाच दिवशी आणू नयेत. माशांची घाण पचवणारे जिवाणू टाकीत तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात. आधी तीन-चार मासे सोडावेत, बाकीचे नंतर. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे.

गप्पीच्या बाबतीत एक सावधगिरी आहे. हा मासा अंडी घालत नाही, थेट पिल्ले देतो. एक मादी महिन्याच्या अंतराने वीस-तीस पिल्ले देऊ शकते आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत वयात येतात. दहाचे शंभर कधी झाले ते कळतही नाही. प्लॅटीचेही तसेच. म्हणून निदान गप्पीचे तरी सगळे नर घ्यावेत. छोटे, झुपकेदार शेपटीचे व भडक रंगाचे ते नर.

आणि जास्त झालेले मासे कुठे सोडायचे? हा प्रश्न घरापुरता नाही. प्रवरा व म्हाळुंगीच्या संगमावर आपले शहर वसले आहे. प्रवरा पुढे प्रवरासंगमला गोदावरीस मिळते आणि ते पाणी जायकवाडीच्या नाथसागरात जाते. त्या पाण्यावर मासेमारी करून पोट भरणारी कुटुंबे आहेत. काच साफ करतो म्हणून दुकानदार जो काळपट सकर मासा गळ्यात मारतात, तो दीड फुटापर्यंत वाढतो. मग लोक दया येऊन त्याला नदीत सोडतात. भीमेवरच्या उजनी धरणात हा सकर पसरला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. नुकसान मच्छीमाराचे होते, म्हणजे आपल्यासारख्याच कष्टकऱ्याचे. बाहेरून आलेला मासा एकदा पाण्यात रुजला की परत काढता येत नाही. १९५२ साली भारतात आणलेली चिलापी आज जागोजागी धरणांत आढळते. म्हणून टाकीतला एकही मासा नदीत, ओढ्यात वा विहिरीत सोडू नका. जास्तीचे मासे शेजारच्या मुलांना द्या किंवा दुकानदाराला परत करा. गप्पी डासांच्या अळ्या खातो. घरच्या बंदिस्त हौदात त्याचा उपयोग होतो.

पालकांना शेवटी एवढेच सांगणे. दुकानात जाताना मुलाच्या हाती वही-पेन द्या. माशाचे नाव, मोठेपणीची लांबी, स्वभाव आणि त्याला लागणारे पाणी असे चार रकाने त्याला आखायला सांगा. दुकानदाराला प्रश्नही त्यालाच विचारू द्या. चारही रकाने भरल्याशिवाय पिशवीत मासा घेऊ नका. एक रकाना कोरा राहिला तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या. मुलाचे तोंड संध्याकाळपुरते उतरेल, पण जीव वाचेल आणि पैसेही वाचतील.