दाता मेंढी कोणती?

मेंढीत भ्रूण प्रत्यारोपण सुरू करायचे म्हणणारे पशुवैद्यक आम्हाला संप्रेरकांची मात्रा विचारतात. आम्ही उलट विचारतो, मेंढी कोणती निवडलीत?

गाईत गर्भाशयमुखातून नळी घालून भ्रूण धुऊन काढता येतात. मेंढीचे गर्भाशयमुख इतके अरुंद आणि वळणावळणाचे असते की भ्रूणांसाठी बहुधा पोटच उघडावे लागते. बारा-चौदा दिवस योनीत संप्रेरकाचा स्पंज, अखेरचे तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ उतरत्या मात्रेत बीजकोशांना चेतवणारे एफएसएच, दुर्बिणीतून रेतन आणि सहाव्या-सातव्या दिवशी भूल. गर्भाशयाची शिंगे बाहेर घेऊन कोमट द्रावण सोडायचे, ते बशीत धरायचे. सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरच्या जेमतेम सातव्या हिश्श्याएवढा गोळा पारदर्शक कवचात दिसतो. कधी असे पंधरा सापडतात, तर त्याच वाड्यातल्या, त्याच चाऱ्यावरच्या दुसऱ्या मेंढीत एकही नाही. शिवाय दर शस्त्रक्रियेगणिक आतले अवयव एकमेकांना चिकटत जातात. एका मेंढीवर तीनदा, त्यापुढे नको, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इतका त्रास ज्या मेंढीला द्यायचा, ती त्या तोलाची हवी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोल मेंढीचे जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत उतरवले. ते जनुक मेंढ्याकडूनही येते, त्यामुळे धनगराच्या कळपाला निवडलेला मेंढा पुरेसा आहे. तिथे शस्त्रक्रियेचा घाट घालू नये. पण दोन कोकरे पोसण्याइतके दूध मेंढ्याकडे पाहून कळत नाही. ज्या मेंढीने लागोपाठ दोन वेतांत जुळी दिली आणि चारही कोकरे स्वतःच्या दुधावर वाढवली, ती दाता. तिची वाढीव संतती पैदास केंद्रावर हवी, तिथून मेंढे गावोगाव जावेत. एक सावधगिरी मात्र हवीच: हे जनुक असलेल्या मेंढीचे बीजकोश संप्रेरकांना इतरांपेक्षा जोरात प्रतिसाद देतात. नेहमीची मात्रा डोळे झाकून टोचू नका.

ज्यांच्या गर्भाशयात हे भ्रूण सोडायचे, त्या ग्राही मेंढ्यांकडे तर फारच दुर्लक्ष होते. कळपातून काढून टाकायच्या मेंढ्या या कामाला लावल्या जातात, याचे वाईट वाटते. दीडशे दिवस गर्भ त्यांनीच वाढवायचा आहे. त्या दात्याबरोबरच, फार तर एक दिवस मागेपुढे, माजावर आलेल्या हव्यात, आणि अंगाने भरलेल्या.

कानातला बिल्ला, व्यायल्याची तारीख, कोकरांचे जन्मवजन आणि तीन महिन्यांचे वजन, एवढे ज्या वहीत सापडेल त्याच कळपात पुढच्या हंगामात स्पंज घाला.