न्याय्य कारण म्हणजे परवाना नव्हे : कुंडल आणि युद्धाचे कायदे

१/ कुठल्याही युद्धाची बातमी आली की तिच्याखाली एक वाक्य हमखास वाचायला मिळते : ‘आपली बाजू न्यायाची आहे, मग नियम कसले?’ हा थ्रेड त्या वाक्याविरुद्ध आहे. उदाहरण मुद्दाम घरचे घेतो : आमच्या पलूस तालुक्यातले कुंडल, प्रतिसरकारचे केंद्र.

२/ आधी एक मूलभूत भेद. लढा न्याय्य होता का, हा एक प्रश्न. तो कसा लढला गेला, हा दुसरा. आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा फक्त दुसऱ्या प्रश्नाचा विचार करतो. लढणारा आणि न लढणारा यांत फरक करा. लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी फार होणार असेल, तर तो हल्ला करू नका. जखमी, शरणागत आणि कैदी यांच्यावर हात उचलू नका. ही बंधने आक्रमकाला आहेत, तशीच बचाव करणाऱ्यालाही.

३/ असे का? कारण स्वतःची बाजू अन्यायाची आहे असे मानून कोणीच लढत नाही. न्याय्य पक्षाला सूट दिली, तर दोन्ही पक्ष ती घेतील आणि नियम उरणारच नाही.

४/ आता कुंडल. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांनी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात समांतर राज्यकारभार उभा केला. कुंडल औंध संस्थानात असल्याने ते ब्रिटिश हद्दीबाहेरचे आश्रयस्थान होते. तुफान सेना होती, गावोगावी न्यायनिवाडा होता, दारूबंदी होती, कमी खर्चाचे विवाह होते. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली गेली. या लढ्याचे कारण न्याय्य होते, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

५/ पण याच सरकारचे लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’ झाले. तळपायांना पत्र्या ठोकतात, अशी त्यामागे समजूत होती. प्रत्यक्षात तळपायांवर काठीने मारण्याची शिक्षा होती, असे चळवळीतले लोक सांगत. आपण ‘पत्री’ हा शब्द अभिमानाने उच्चारतो आणि तो काय सांगतो, हे विचारत नाही.

६/ उत्तर तयार असते : ‘ते फितूर होते, गुंड होते.’ काही निश्चित होते. क्रांतिकारकांच्या नावावर दरोडे घालणाऱ्या टोळ्याही होत्या, आणि त्यांचा बंदोबस्त झाला म्हणून गरीब माणूस सुटकेचा श्वास घेऊ शकला. पण फितुरी सिद्ध कोणी आणि कशी करायची? हातात सापडलेल्या, बांधलेल्या माणसाच्या तळपायांवर मारल्याने पुरावा तयार होत नाही.

७/ १९४९च्या चारही जिनिव्हा करारांत तिसरे कलम समान आहे. ते देशांतर्गत सशस्त्र संघर्षासाठी आहे आणि ‘प्रत्येक पक्षाला’, म्हणजे बंडखोरांनाही, बांधते. ताब्यातल्या व्यक्तीचा छळ नको, रीतसर न्यायालयाविना शिक्षा नको. त्याने बंडखोरांना कायदेशीर मान्यता मिळत नाही, हेही तेच कलम सांगते.

८/ हे कलम १९४३ मध्ये नव्हते, आणि प्रत्येक उठाव कायद्याच्या अर्थाने सशस्त्र संघर्ष ठरत नाही. म्हणून मी येथे निकाल देत नाही, मोजपट्टी लावतो. ती लावण्याचा अधिकार खुद्द प्रतिसरकारनेच दिला आहे. जो स्वतःला सरकार म्हणवतो आणि निवाडे करतो, त्याने सरकारची बंधनेही स्वीकारलेली असतात.

९/ तीच पट्टी इंग्रजांना लावा. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी गावांवर सामुदायिक दंड बसवले. एकाने तार कापली, भरपाई साऱ्या गावाने करायची. सामुदायिक शिक्षेला १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराने मनाई केली. ‘हे दरोडेखोर, यांना कसले नियम?’ हा साम्राज्याचा युक्तिवाद आणि ‘हे फितूर, यांना कसले नियम?’ हा आपला युक्तिवाद, यांत फक्त नाव बदलले आहे.

१०/ भारताने १९५० मध्ये जिनिव्हा करारांना मान्यता दिली आणि १९६० मध्ये त्यांचा कायदा केला. अंतर्गत संघर्षातील नियम विस्ताराने मांडणारा १९७७चा दुसरा पूरक करार मात्र अजून स्वीकारलेला नाही. त्याची मागणी करायची असेल, तर सुरुवात घरापासून हवी.

११/ नाना पाटलांना थोर मानण्यासाठी तळपायांवरच्या काठीचे समर्थन करावे लागत नाही. ज्यांना ते करावे लागते, त्यांचा त्यांच्या थोरवीवर पुरेसा विश्वास नाही, एवढेच मी म्हणेन.