वजनकाट्यावर न दिसणारे यश

वजन घटविणारी टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने 2025 मध्ये भारतीय बाजारात आल्यापासून चर्चा एकाच आकड्याभोवती फिरते आहे : किती किलो कमी झाले? माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे, आणि त्याचे उत्तर चेन्नईत दोन दशकांपूर्वीच मिळालेले आहे.

डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी तेथे ‘भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रम’ राबविला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 531 व्यक्तींचे चार गट केले : नेहमीचा सल्ला, आहार-व्यायाम, मेटफॉर्मिन आणि दोन्ही एकत्र. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे तीन वर्षांत पहिल्या गटातील 55 टक्के लोकांना मधुमेह झाला; आहार-व्यायाम गटात हे प्रमाण 39.3 टक्के होते. औषधाची जोड देऊनही त्याहून अधिक लाभ झाला नाही. सर्वांत बोलकी गोष्ट अशी, की आहार-व्यायाम गटाच्या सरासरी वजनात लक्षणीय घट झालेलीच नव्हती. केवळ वजनकाटा पाहिला असता, तर हा प्रयोग फसला असेच आपण म्हटले असते.

हे कसे घडते? चालताना स्नायू रक्तातील ग्लुकोज वापरतात आणि नियमित श्रमांनी इन्सुलिनला त्यांचा प्रतिसाद सुधारतो. शिवाय भारतीय शरीरात वजन फसवे ठरते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय 22.3 होता, परंतु शरीरातील चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, तर युडकिन यांची 9.1 टक्के! 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेली ही तुलना आजही डोळे उघडणारी आहे.

दुसरीकडे, वेगाने घटविलेले वजन टिकविणे शरीरालाच मान्य नसते. वजन उतरताच भूक वाढविणारे घ्रेलिन वाढते, तृप्तीचा संकेत देणारे लेप्टिन घटते. वर्ष उलटले तरी हा बदल पुरता ओसरत नाही, असे 2011 च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात आढळले. सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले. हा मनोनिग्रहाचा पराभव नव्हे, शरीरशास्त्र आहे.

याचा अर्थ वजन गौण आहे, असा मुळीच नाही. तीव्र स्थूलता, झिजलेले गुडघे किंवा निद्राश्वासरोध असेल तर वजन घटणे अत्यावश्यक आहे, आणि तेथे ही औषधे वरदान ठरू शकतात. अमेरिकेतील अशाच प्रयोगात तर वजनघटीचा वाटा मोठा होता. माझा आक्षेप एकाच मोजपट्टीला आहे.

म्हणून दवाखान्यातील नोंदवहीत वजनाशेजारी कंबरेचा घेर, रक्तशर्करा आणि रोजची चाल यांनाही रकाने हवेत. चेन्नईच्या प्रयोगात सहभागींशी दूरध्वनीवरून आणि प्रत्यक्ष भेटींतून सातत्याने संपर्क राखला गेला होता. औषधाच्या किमतीची चर्चा करताना या संपर्कासाठी लागणाऱ्या आहारतज्ज्ञांच्या वेतनाची तरतूदही आपण मागितली पाहिजे. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडून देणाऱ्या माणसाला तो हरलेला नाही, हे सांगणारे कोणीतरी हवे.