भिवंडी लिहिता न येणारा फोन

माझ्या फोनला पाच वर्षं झाली. काचेला कोपऱ्यात तडा आहे, चार्जरची पिन एका ठराविक कोनातच बसते आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत बॅटरी मान टाकते. शाळेचं निम्मं काम याच फोनवर होतं : हजेरी, पालकांच्या सूचना, प्रश्नपत्रिका, कुठली ना कुठली माहिती 'आजच्या आज' भरणं. काम शाळेचं, फोन माझ्या पगारातला. तेव्हा नवा घेणं भागच होतं.

भाचा म्हणाला, "खाला, या वेळी बटणांचा कीबोर्डवाला घ्या. तुम्ही किती टाइप करता! काचेवर बोटं घासण्यात काय मजा?" आणि त्यानं मला व्हिडिओंवर व्हिडिओ दाखवले. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांच्या सेवा 4 जानेवारी 2022 ला कायमच्या बंद झाल्या, पण ती बटणं काही मेली नाहीत. युनिहर्ट्झ नावाची एक चिनी कंपनी तशाच धर्तीचे फोन काढते, 2025 मध्ये तिनं टायटन 2 आणला. या व्हिडिओंतून एक सूर सतत ऐकू येतो : हा करमणुकीचा फोन नाही, हा काम करणाऱ्यांचा फोन आहे.

हा सूर मला खटकला. काम करणारे म्हणजे कोण? आणि ते कुठल्या भाषेत काम करतात?

सवयीनं मी एक कोरा कागद घेतला. ब्लॅकबेरी धर्तीच्या कीबोर्डची आकृती काढली : वरच्या ओळीत दहा अक्षरं, मधल्या ओळीत नऊ, खालच्या ओळीत सात. एकूण 26. त्यावर मी आपला इनस्क्रिप्ट बसवायला घेतला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठी 1986 साली सरकारनं ठरवलेली कळांची मांडणी. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. संगणकावर मी गेली बारा वर्षं त्यावरच लिहिते. के दाबला की क, शिफ्टसकट दाबला की ख. डोकं लावून केलेली मांडणी आहे.

पण आपली व्यंजनं उजव्या हाताखालच्या इंग्रजी अक्षरांत मावत नाहीत. म्हणून ती अर्धविराम, कंस, तिरकी रेघ अशा विरामचिन्हांच्या कळांवर पसरलेली आहेत. एलच्या उजवीकडे च आणि ट, पीच्या उजवीकडे ड, तळाशी उजव्या टोकाला य. छोट्या कीबोर्डवर या कळाच नसतात. म्हणजे काय काय गळालं? च, छ, ट, ठ, ड, ढ, य, ष. शिवाय 'कृ'मधला ऋकार, 'डॉक्टर'मधला ऑकार आणि उर्दू शब्दांना लागणारा नुक्ता.

मग मी लिहून पाहिलं. 'भिवंडी' लिहिता येत नाही, ड नाही. 'मराठी' लिहिता येत नाही, ठ नाही. माझी प्रत्येक सूचना ज्या शब्दानं सुरू होते तो 'कृपया' दोन ठिकाणी अडतो. गंमत म्हणजे 'उर्दू' हा शब्द देवनागरीत अगदी सुखानं लिहिता येतो, एकही अक्षर गळत नाही. उर्दूची लिपीसुद्धा तिथं मावते, कारण तिच्या फोनेटिक मांडणीत जास्तीची अक्षरं शिफ्टवर बसवलेली आहेत. ज्या भाषेला 'परकी' म्हणून आम्हाला टोमणे मारले जातात ती राहिली आणि राज्याची भाषा कीबोर्डबाहेर! हसावं की रडावं कळेना.

भाचा म्हणाला, "ऑल्ट दाबून आणता येतील की. नाहीतर रोमनमध्ये लिहायचं, ॲप मराठी करून देतं." येतील, नाही कोण म्हणतं? पण 'य' लिहायला दरवेळी मागच्या दारानं का जायचं? आणि रोमनमधून आलेलं मराठी म्हणजे अंदाजपंचे : माझा mala हा 'मला' की 'माळा' की 'माला', ते ॲप ठरवणार. अरेच्चा, रोमन अक्षर वापरून बसले. असो, 'एम-ए-एल-ए' असं वाचा. सवय अशी लागते, म्हणूनच तर हा लेख.

या फोनांना मी दोष देत नाही. इंग्रजीसाठी बनवलेली वस्तू इंग्रजीत चांगली चालते. माझा राग आहे तो काचेच्या फोनला नावं ठेवणाऱ्या आपल्या लोकांवर. काचेवर छापील इंग्रजी अक्षर नसतं. बोट सरकवलं की देवनागरी, पुन्हा सरकवलं की उर्दू, च, ठ, य सगळे आपापल्या जागी. 2016 साली सरकारनं फोनसाठी मानक लावलं : देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर 22 भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि टाइप करण्यासाठी इंग्रजी, हिंदी व आणखी एक भाषा हवी. (आमच्या घरात ती 'आणखी एक' कोणती, यावरून भांडण होईल.) प्रत्यक्षात आज साध्या फोनवरही मराठी आणि उर्दू दोन्ही कीबोर्ड फुकट मिळतात.

मग त्यांचं आपण काय केलं? रोमन केलं.

मुशायऱ्यात 'उर्दू मर रही है' म्हणून डोळे पुसणारे साहेब घरी आल्यावर शेर रोमनमध्ये फॉरवर्ड करतात. दुकानाच्या पाट्यांवरून रस्त्यावर उतरणारे मराठीचे अभिमानी एकमेकांना 'कसा आहेस' हे इंग्रजी अक्षरांत विचारतात. आणि आम्ही शिक्षक? आमचं सांगते.

दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या फॉर्मची सूचना पालकांच्या ग्रुपवर गेली, रोमन उर्दूत. शेवटची तारीख, लागणारे दाखले, सगळं होतं. सहावीतल्या एका मुलीचा फॉर्म आला नाही. तिची आई शाळेत कधी गेलेली नाही, पण लहानपणी मदरशात नाज़िरा शिकली, त्या अक्षरओळखीवर उर्दू अडखळत वाचते. इंग्रजी अक्षर तिला येत नाही. मेसेज तिनं शेजारच्या मुलाला दाखवला, तो म्हणाला काहीतरी शाळेचं आहे. ती माझ्यासमोर मान खाली घालून उभी होती, जणू चूक तिची. तो मेसेज मीच लिहिला होता. बीएडची पदवी असलेल्या, दोन्ही भाषा शिकवून पोट भरणाऱ्या बाईनं, कारण रोमनमध्ये 'पटकन होतं'.

कुणाचं पटकन होतं, हा प्रश्न त्या दिवसापासून सुटलेला नाही.

सहकारी म्हणतात, रोमन सगळ्यांना कळतं. सगळ्यांना म्हणजे स्टाफरूममधल्या सगळ्यांना. कुणी म्हणतं, बोलून टाइप करा. शांतीनगरात लूम चालू असताना करून दाखवा! फोन माझ्या आवाजापेक्षा खटखटच जास्त मन लावून ऐकतो. काही जण उर्दू सूचना इनपेजमध्ये टाइप करून तिचं चित्र पाठवतात. दिसायला सुंदर, नस्तालीक आहे ना. पण चित्रात तारीख शोधता येत नाही, मजकूर कॉपी होत नाही आणि फोनकडून वाचून घेणाऱ्या अंध पालकापर्यंत तो पोचत नाही. नस्तालीक सुंदर आहे म्हणून मजकुराचा फोटो काढून भिंतीवर लावायचा का? फोनवर साध्या नस्ख वळणात दिसलं तरी ते उर्दूच असतं.

राहता राहिला वेगाचा मुद्दा. पहिला आठवडा खरंच त्रासाचा जातो. उर्दूत मी अजूनही 'ज़े' आणि 'ज़ाल' यांच्यात चुकते. पण आपण मुलांना 'ळ' काढायला शिकवतो तेव्हा पहिल्या आठवड्यात तो वाकडा आला म्हणून 'एल' लिही म्हणतो का?

मी काचेचाच फोन घेतला, मधल्या किमतीतला. दुकानातून निघण्याआधी तिथंच उभं राहून दोन कीबोर्ड घातले, भाचा बाहेर बाईकवर हॉर्न वाजवत होता. रोमनचा पर्याय काढून टाकला. आता ग्रुपवर प्रत्येक सूचना दोनदा जाते, एकदा उर्दूत, एकदा मराठीत. कालच्या पालकसभेच्या सूचनेला सदतीस उत्तरं आली. बत्तीस रोमनमध्ये, चार नुसते अंगठे. एक उर्दूत होतं, दोनच शब्द, त्यातल्या एकात एक नुक्ता कमी. ते त्या मुलीच्या आईचं होतं.