पास आउट झालात? म्हणजे नक्की काय झालं?

‘ओन्ली २०२५ पासआउट्स’. फ्रेशर्सच्या भरतीच्या जाहिराती चाळल्या की हे शब्द हटकून दिसतात. आपणही बिनधास्त सांगतो, ‘ताई गेल्या वर्षी पास आउट झाली.’ रेझ्युमेत लिहितो, ‘आय पास्ड आउट फ्रॉम पुणे युनिव्हर्सिटी इन २०२५.’ इथे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हेच वाक्य तुमच्या एसओपीमधून एखाद्या अमेरिकन प्राध्यापकापुढे गेलं, तर त्याच्या डोळ्यांसमोर येतो चक्कर येऊन आडवा झालेला विद्यार्थी. कारण तिकडच्या रोजच्या बोलण्यात ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं. उन्हामुळे, रक्त बघून किंवा जरा जास्तच प्यायल्यामुळे.

यावर रील्स कमी नाहीत. कुणीतरी टाय लावून येतो, ‘हे इंग्लिश चुकीचं आहे’ असं ठणकावतो आणि खाली कमेंट्समध्ये हसू फुटतं. मला त्या हसण्याचाच राग येतो. एक तर ते अर्धवट माहितीवर उभं असतं. आणि दुसरं म्हणजे, ते नेमकं त्या मुलांना लागतं ज्यांच्या घरात इंग्रजीत अर्ज लिहिणारी ती पहिलीच असतात. एकदा कुणी हसलं की ही मुलं पुढच्या जीडीत तोंडच उघडत नाहीत.

अर्धवट कसं, ते बघा. खडकवासल्याच्या एनडीएतून कॅडेट्स बाहेर पडतात तो सोहळा कुठला? पासिंग आउट परेड. आपली वर्तमानपत्रं त्याला दीक्षान्त संचलन म्हणतात. ३० मे २०२५ रोजी एनडीएच्या १४८व्या कोर्सचं असं संचलन झालं आणि त्यात १७ मुली होत्या. प्रबोधिनीतून बाहेर पडलेली मुलींची ती पहिलीच तुकडी. तिथे कुणीही बेशुद्ध पडलं नव्हतं. (मे महिन्यातल्या उन्हात तासन् तास ताठ उभं राहायचं म्हणजे दुसरा अर्थही फार लांब नसतो, ही गोष्ट वेगळी.) खुद्द ब्रिटनमध्येही सैनिक, पोलीस आणि अग्निशमन दलातले जवान प्रशिक्षण संपवून ‘पास आउट’ होतात. ब्रिटिश इंग्रजीच्या डिक्शनऱ्यांत बेशुद्धीच्या शेजारीच हा अर्थ दिलेला असतो. फरक इतकाच, की तिकडे तो गणवेशापुरता राहिला आणि आपण तो बीकॉम, बीएस्सीलाही लावला. ‘प्रीपोन’ हा शब्द भारतीय इंग्रजीतून ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत जाऊन बसला, तेव्हा त्याच्यावर हसणारेही गप्प बसले होतेच की.

आता खरी गंमत त्या ‘आउट’मध्ये आहे. फ्रेझल व्हर्बच्या याद्या पाठ करून करून आपण थकतो, पण त्या शेपटाकडे बघतच नाही. ‘आउट’ कधी दाराबाहेर नेतो: वॉक आउट, मूव्ह आउट. एनडीएचं आणि आपलं पास आउट याच घरातलं. आत होतो, काम पुरं झालं, बाहेर पडलो. कधी तो काहीतरी विझवतो: मेणबत्ती ‘गोज आउट’, बॉक्सर ‘नॉक आउट’, डोळ्यांपुढे अंधारी आली की ‘ब्लॅक आउट’. चक्कर येणारं पास आउट या घरातलं. तिसऱ्या घरात ‘आउट’ म्हणजे चार जणांत वाटणं, जसं हँड आउट, गिव्ह आउट. म्हणून अमेरिकेतली शिक्षिका ‘पासेस आउट द पेपर्स’ तेव्हा ती पेपर वाटत असते. इथे पुढे ‘पेपर्स’ हे कर्म आहे, म्हणून घोटाळा होत नाही. कर्म काढून टाका, बिचारी वर्गातच कोसळेल.

हे सगळं फार विचित्र वाटत असेल तर जरा मराठीकडे वळू या. ‘तो बोलून गेला’, ‘बोलून बसला’, ‘बोलून टाकलं’, ‘बोलून दाखवलं’. क्रिया एकच, बोलण्याची. पण ‘बोलून गेला’त बेसावधपणा आहे, ‘बोलून बसला’त पस्तावा, ‘बोलून टाकलं’त एकदाची सुटका आणि ‘बोलून दाखवलं’त थोडा टोमणा. यातला कुणी कुठे गेलेला नाही, बसलेला नाही, कुणी काही टाकलेलं नाही. मराठी शिकणाऱ्या एखाद्या जर्मन मुलीला हे समजावून बघा, घाम फुटेल. आणि ‘पडणं’ तर विचारूच नका. कार्यक्रम पार पडतो, माणूस आजारी पडतो, साखर कमी पडते, मुलगी प्रेमात पडते. यांतलं काहीही आपल्याला पाठ करावं लागलं नाही, कारण ते आपण वाक्यांतून ऐकलं. इंग्रजीचंही तेच करावं लागतं. ‘पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणे’ अशी एका ओळीची नोंद वहीत करून उपयोग नाही. कोण, कुठे, कुणाला म्हणालं ते सोबत हवं. मालिका बघताना सबटायटल्स चालू ठेवणं हे यादीपेक्षा जास्त कामाचं आहे.

मग रेझ्युमेत काय लिहायचं? कंपनी इथलीच असेल आणि जाहिरातीतच ‘२०२५ पासआउट’ असेल, तर तुम्हीही खुशाल तेच लिहा. एचआरला त्याच भाषेत शोधायची सवय असते. अर्ज बाहेर जाणार असेल किंवा व्हिसाच्या मुलाखतीला उभे असाल, तर ‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम...’ किंवा ‘आय कम्प्लीटेड माय बीकॉम इन २०२५’ म्हणा. दुसरं वाक्य मला जास्त आवडतं, कारण त्यात वर्षासोबत कोर्सही सांगून होतो. ‘ग्रॅज्युएटेड’नंतरचा ‘फ्रॉम’ मात्र खाऊ नका. बोलताना काही अमेरिकन तो गाळतात, पण अर्जात तो असलेलाच बरा.

राहिला आपल्या फॉर्मवरचा लाडका रकाना, ‘इयर ऑफ पासिंग’. परदेशी फॉर्मवर त्या जागी बहुधा पदवी मिळाल्याची तारीख मागतात. आपल्याकडे निकाल उन्हाळ्यात लागतो आणि पदवीदान कधी कधी पुढच्या वर्षी होतं. तेव्हा निकालाची तारीख हवी की पदवी प्रमाणपत्रावरची, हे त्या विद्यापीठाच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल टाकून आधी विचारून घ्या. नाहीतर रेझ्युमेत एक वर्ष आणि प्रमाणपत्रावर दुसरं, असं व्हायचं.